हक्क दिला कुणी, टिकवला कुणी? वायोमिंगच्या बायांची गोष्ट

बसलात का सगळ्या? हातातलं निवडणं-टिपणं चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

मागे आम्ही एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. ग्रामपंचायतीचा विषय निघाला. तिथल्या एक ताई पंचायतीच्या सदस्य आहेत. त्या म्हणाल्या, "आम्ही काय लढून आलोय थोडंच? आरक्षण पडलं म्हणून घरच्यांनी उभं केलं. लोक तोंडावर म्हणतात, ही खुर्ची तुमची नाही, चिठ्ठीची आहे. मग मासिक सभेत तोंड उघडायचा धीरच होत नाही." बैठक एकदम गप्प झाली. खरं सांगायचं तर त्या वेळी आम्हालाही नीट उत्तर देता आलं नाही.

त्या ताईंचं बोलणं डोक्यात घोळत राहिलं. मिळालेला हक्क आपला नसतो का? तो आपला कधी होतो? हे शोधताना आम्हाला अमेरिकेतल्या एका राज्याची गोष्ट सापडली. राज्याचं नाव वायोमिंग. आज तीच सांगतो.

आधी हे राज्य कुठलं ते बघू. अमेरिकेच्या पश्चिमेला डोंगर आणि कोरडं माळरान असलेला हा मुलूख. नकाशावर वडीच्या तुकड्यासारखा चौकोनी दिसतो. आकारानं आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान, पण माणसं अगदी कमी. २०२० च्या जनगणनेत तिथं जेमतेम पावणेसहा लाख लोक होते. अमेरिकेतल्या पन्नास राज्यांत सगळ्यात कमी वस्ती इथलीच. थंडीत कडक बर्फ, गुराढोरांचे मोठमोठे कळप, आणि खाणी.

ही जमीन मूळची शोशोनी, अरापाहो अशा आदिवासी लोकांची. १८६७-६८ च्या सुमाराला तिथून रेल्वे गेली. रेल्वेमागोमाग शायान, लॅरमी अशी गावं वसली. एका डोंगरात सोनं सापडलं, तिथं साउथ पास सिटी उभी राहिली. १८६८ साली वायोमिंग हा वेगळा प्रदेश झाला. राज्याचा दर्जा नव्हता, कारभार केंद्राच्या हाताखाली होता, पण स्वतःचं छोटं विधिमंडळ होतं. १८७० च्या शिरगणतीत साऱ्या प्रदेशात नऊ हजारांच्या वर थोडी माणसं भरली. त्यात मोठी माणसं मोजली, तर एका बाईमागे सहाएक पुरुष.

१८६९ च्या हिवाळ्यात शायानला विधिमंडळ पहिल्यांदा भरलं. सगळे सदस्य पुरुष. त्यात साउथ पास सिटीचे विल्यम ब्राइट होते. त्यांनी ठराव आणला की एकवीस वर्षांवरच्या बाईला मत देता यावं आणि पदावरही बसता यावं. ठराव मंजूर झाला. गव्हर्नर जॉन कॅम्पबेल यांनी १० डिसेंबर १८६९ ला सही केली. अमेरिकेच्या बाकी कुठल्याही राज्यात वा प्रदेशात तेव्हा बायकांना असा पूर्ण हक्क नव्हता. त्याच अधिवेशनात आणखी दोन कायदे झाले. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येईल, हा एक. आणि शाळेत शिकवणाऱ्या बाईला पुरुषाइतकाच पगार, हा दुसरा.

आता तुम्ही म्हणाल, काय चांगले पुरुष होते! थांबा. त्यांची कारणं ऐका.

काहींना वाटलं, अशा कायद्यानं आपलं नाव वर्तमानपत्रांत येईल आणि माणसं, विशेषतः बाया, इकडे राहायला येतील. काहींचा हिशेब राजकारणाचा होता. विधिमंडळ एका पक्षाचं आणि गव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा, तेव्हा त्याला पेचात पकडू, असं त्यांना वाटलं. काहींनी तर थट्टाच चालवली होती. आणि खुद्द ब्राइट यांचं कारण? आपली बायको ज्युलिया आपल्याइतकीच समजूतदार आहे, हे ते मानत होते. पण त्याबरोबर त्यांच्या मनात असंही होतं की काळ्या पुरुषांना मत मिळत असेल, तर माझ्या गोऱ्या बायकोला आणि आईला का नाही? म्हणजे एका न्यायाच्या पोटात दुसऱ्याविषयीची अढी होतीच.

तर मैत्रिणींनो, वायोमिंगच्या बायांना मत मिळालं ते असं. मोर्चा निघाला नव्हता. तिथं त्यांची मोठी संघटनाही नव्हती. देणाऱ्यांनी आपल्या सोयीनं दिलं. त्या ताईंच्या चिठ्ठीसारखंच की हो! आता पुढं बायांनी काय केलं, ते बघायचं.

पहिल्या आहेत एस्थर मॉरिस. न्यूयॉर्क राज्यात जन्म. लहानपणी आईबाप गेले. शिवणकाम शिकून, बायकांच्या टोप्या तयार करून पोट भरलं. पहिला नवरा वारला, तेव्हा त्याच्या जमिनीवर हक्क सांगायला गेल्या. बाई म्हणून त्यांना फार अडचणी आल्या, असं सांगतात. पुढं दुसरं लग्न झालं. पन्नाशी उलटल्यावर त्या नवऱ्याच्या आणि मुलांच्या मागोमाग साउथ पास सिटीला आल्या.

कायदा होऊन दोनेक महिने झाले असतील. फेब्रुवारी १८७० मध्ये त्यांना तिथल्या 'जस्टिस ऑफ द पीस' या पदावर नेमलं. हे खालच्या पातळीवरचं न्यायाधीशपद. मारामारी, उसनवारी, देण्याघेण्याची भांडणं असे खटले त्यांच्यापुढे यायचे. अमेरिकेत हे पद मिळालेल्या त्या पहिल्या बाई. गाव कसलं, तर खाणकामगारांचं, दारूच्या गुत्त्यांचं. एस्थरबाईंनी वकिली शिकलेली नव्हती. आधीचे न्यायाधीश कायद्याच्या रागानं पद सोडून गेले होते आणि दप्तर द्यायला तयार नव्हते. तरी बाई बसल्या. साडेआठ महिन्यांत पंचवीसच्या वर खटले चालवले. मुदत संपली, तेव्हा कुठल्याच पक्षानं त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही.

त्यांच्याबद्दल एक गंमत आहे. खूप वर्षांनी एका गृहस्थांनी सांगितलं की एस्थरबाईंनी घरी चहाला बोलावून ब्राइट यांच्याकडून हा ठराव मांडायचं वचन घेतलं होतं. ही गोष्ट इतकी पसरली की लोक बाईंना या कायद्याची आईच म्हणू लागले. पण अभ्यासकांना त्या चहापानाचा त्या काळचा पुरावा मिळालेला नाही. आम्हाला वाटतं, त्याची गरजही नाही. बाई खुर्चीवर बसल्या आणि काम नीट केलं, याची नोंद त्यांच्या खटल्यांच्या वहीत आहे. चहा पाजल्यापेक्षा ते मोठं.

त्याच वर्षी मार्चमध्ये लॅरमीला आणखी एक गोष्ट घडली. तिकडे खटल्याचा निर्णय सामान्य माणसांतून निवडलेले पंच देतात, त्याला ज्युरी म्हणतात. न्यायाधीश जॉन होव यांनी ठरवलं की मत देणारी बाई ज्युरीवरही बसेल. बाया बसल्या. वर्तमानपत्रवाल्यांनी नुसती टर उडवली. चित्रकार त्यांची वेडीवाकडी चित्रं काढायला टपून होते, म्हणून बाया तोंडावर जाळी घेऊन बसल्या. पण उठून गेल्या नाहीत. दारूच्या गुत्त्यांनी रविवारी बंद राहायचा नियम होता, तो कुणी पाळत नव्हतं. या बायांच्या ज्युरीनं त्यावर बोट ठेवलं. तिकडच्या दारूवाल्यांना हे किती झोंबलं असेल, ते दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरलेल्या आपल्या बायांना वेगळं सांगायला नको.

पुढं सप्टेंबर उजाडला. तारीख ६, साल १८७०. नव्या कायद्याखालची पहिली सार्वत्रिक निवडणूक. लॅरमीत लुईझा स्वेन नावाच्या आजी राहायच्या. वय एकोणसत्तर. सकाळी सकाळी त्या हातात छोटी बरणी घेऊन पाव फुगवायचं खमीर आणायला निघाल्या. वाटेत मतदानाची जागा लागली. आजींनी आत जाऊन मत दिलं, आणि मग आपल्या खमिराच्या वाटेला लागल्या, असं सांगतात. वायोमिंगच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देणाऱ्या त्या पहिल्या बाई. घरचं काम सोडून नाही, कामाच्या वाटेवरच आजींनी इतिहास घडवला. आज लॅरमीत त्यांचा पुतळा आहे, हातात ती बरणी घेतलेला.

इथवर सगळं छान चाललं असं वाटतं ना? पण हक्क मिळाला म्हणजे तो कायमचा राहील, असं नसतं.

१८७१ साली नवं विधिमंडळ आलं. त्यातल्या पुरुषांना बायांचं मत नकोसं झालं होतं. त्यांनी कायदा रद्द करायचा ठराव मंजूर केला. गव्हर्नर कॅम्पबेल यांनी तो नाकारला. आता दोन तृतीयांश सदस्य एक झाले असते, तर गव्हर्नरचा नकारही मोडता आला असता. एका सभागृहात तेवढी मतं जमली. दुसऱ्या सभागृहात फक्त एक मत कमी पडलं. एक मत! एवढ्याशा धाग्यावर वायोमिंगच्या साऱ्या बायांचा हक्क लटकत होता. पुन्हा कधी तुमच्या घरात कुणी म्हणालं, की एका मतानं काय होतंय, तर त्यांना हे सांगा.

ज्युरीचा हक्क मात्र गेला. नवे न्यायाधीश आले, त्यांना बाया ज्युरीवर नको होत्या. कायदा न बदलताच बाया घरी बसवल्या गेल्या. त्यांना ज्युरीवर परत यायला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली. शेजारच्या युटा प्रदेशात १८७० मध्येच बायांना मत मिळालं होतं. तिथं १८८७ साली देशाच्या संसदेनं ते काढूनच घेतलं.

याच सुमाराला आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. १८८६ ते १८८८ त्या तिकडे फिरल्या, भाषणं दिली, विधवांच्या शाळेसाठी निधी जमवला. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक छापलं. त्यात तिथल्या बायकांचं शिक्षण, कामधंदा आणि संघटना यांबद्दल सविस्तर लिहिलं. म्हणजे अमेरिकेतल्या बाया काय करताहेत, ही खबर सव्वाशेच्या वर वर्षांपूर्वी एका मराठी बाईनंच आपल्या भाषेत आणली होती. आज आम्ही सांगतोय, ते त्यांच्याच वाटेनं.

रमाबाईंचं पुस्तक निघालं, त्याच वर्षी वायोमिंगनं पूर्ण राज्य व्हायची तयारी केली. राज्यघटना लिहिली, त्यात बायांचा मताचा हक्क ठेवला. दिल्लीत जशी आपली संसद, तशी त्यांची वॉशिंग्टनला. तिथं विरोध झाला. बायकांना मत देणारं राज्य कशाला घ्यायचं, असं कित्येकांचं म्हणणं. खालच्या सभागृहात मतदान झालं, १३९ विरुद्ध १२७. थोडक्यात निभावलं. १० जुलै १८९० ला वायोमिंग राज्य झालं, बायांच्या मतासकट.

शायानला मोठा सोहळा झाला. एस्थर मॉरिस तेव्हा म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्यांच्या हस्ते राज्याला झेंडा दिला. भाषण केलं थेरेसा जेंकिन्स यांनी. तेव्हा लाउडस्पीकर कुठला! सांगतात की बाईंनी माळावर जाऊन सराव केला. नवरा घोडागाडी लांब लांब नेत राहायचा आणि तिथून ओरडायचा, अजून मोठ्यानं! भाषणाच्या दिवशी हजारोंच्या गर्दीत शेवटच्या माणसाला ऐकू गेलं म्हणतात. मैत्रिणींनो, सभेत बोलायचा आवाज जन्मतः येत नाही. त्यालाही रियाज लागतो. आमच्या रेडिओवर पहिल्यांदा माइकसमोर बसलेल्या किती जणींचा आवाज घशातच अडकला होता, ते आम्ही पाहिलं आहे.

आता मत होतं, पण पदं? तिथं हळूहळू शिरावं लागलं. राज्याच्या विधिमंडळात पहिली बाई, मेरी बेलामी, १९१० साली निवडून आल्या. कायदा १८६९ चा. मोजा बरं. एक्केचाळीस वर्षं!

आता आमच्या सगळ्यात आवडीचा भाग. जॅक्सन नावाचं गाव, वस्ती तीनशेच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढं. १९२० च्या मे महिन्यात तिथं निवडणूक झाली आणि गावकऱ्यांनी सगळ्याच्या सगळ्या जागांवर बायाच निवडून दिल्या. नगराध्यक्ष ग्रेस मिलर. सदस्य रोझ क्रॅबट्री, मे डिलोनी, जेनेव्हीव्ह व्हॅन व्लेक आणि फॉस्टिना हाइट. यातल्या रोझबाईंच्या विरोधात कोण उभं होतं माहीत आहे? त्यांचा स्वतःचा नवरा. रोझबाई निवडून आल्या. त्या रात्री घरी जेवायला काय होतं, ते इतिहासात लिहिलेलं नाही!

गावाची तिजोरी जवळपास रिकामी होती. शिल्लक दोनशे डॉलर. कर थकलेले होते. कुणी मागतच नव्हतं, मग देणार कोण? या बाया स्वतः दारोदार फिरल्या, थकबाकी मागितली. थोड्याच आठवड्यांत तिजोरीत दोन हजार डॉलर आले. मग कामाला लागल्या. रस्ते सारखे केले, पाणी जायला मोऱ्या बांधल्या. चौकात मोकाट गुरं फिरायची, ती आवरली. पाणी आणि वीज यांची व्यवस्था लावली. कबरस्तानाला जायला धड रस्ता नव्हता, तो केला. गावची मार्शल, म्हणजे पोलिसाचं काम करणारी, पर्ल विल्यम्स नावाची तरुण मुलगी नेमली. चौकातली गुरं हाकलणं हे तिचं मोठं काम होतं. पुढच्या वेळी बाया पुन्हा निवडून आल्या. १९२३ पर्यंत गाव त्यांच्या हातात होतं.

बघा, यात अवघड असं काय होतं? थकीत घरपट्टी, रस्ता, गटार, पाणी, दिवाबत्ती. आपल्या पंचायतीच्या कामांची यादीच की ही! घर चालवणाऱ्या बाईला हे हिशेब रोजचेच असतात.

पुढची गोष्ट आहे नेली टेलो रॉस यांची. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये वायोमिंगचे गव्हर्नर विल्यम रॉस आजारपणात वारले. पक्षानं त्यांच्या जागी त्यांच्या बायकोला, नेलीबाईंना उभं केलं. त्या दुःखात होत्या, प्रचारालाही फिरल्या नाहीत. लोकांनी निवडून दिलं. ५ जानेवारी १९२५ ला त्यांनी शपथ घेतली आणि अमेरिकेतल्या पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या. लोक म्हणाले असतील, नवऱ्याच्या पुण्याईवर आल्या. असतीलही. पण त्यांनी कारभार स्वतः केला. १९२६ ला थोड्या मतांनी हरल्या, तरी घरी बसल्या नाहीत. १९३३ साली देशाची नाणी पाडणाऱ्या टांकसाळीच्या त्या प्रमुख झाल्या. त्या पदावर पहिली बाई, आणि तब्बल वीस वर्षं. एकशे एक वर्षांचं आयुष्य जगून १९७७ मध्ये त्या गेल्या. दार दुसऱ्याच्या नावानं उघडलं होतं खरं, आतलं काम मात्र त्यांच्या नावावर जमा झालं.

पण या गोष्टीची दुसरी बाजू झाकून ठेवणं बरं नाही. वायोमिंगला लोक समतेचं राज्य म्हणतात. तरी तिथल्या मूळच्या आदिवासींना १९२४ पर्यंत सरसकट नागरिकत्वच नव्हतं, मग मत कुठलं? एस्टेल रील नावाच्या बाई १८९४ मध्ये वायोमिंगच्या शिक्षणप्रमुख म्हणून निवडून आल्या. मोठी गोष्ट होती. पुढं केंद्र सरकारनं त्यांना आदिवासी मुलांच्या शाळांचं प्रमुख केलं. त्या शाळा मुलांना आईबापांपासून आणि मायबोलीपासून तोडत होत्या. रीलबाईंनी ते धोरण आणखी पुढं रेटलं. म्हणजे खुर्चीवर बाई आली की आपोआप सगळ्यांना न्याय मिळतो, असं नाही. आपल्याला दार उघडलं, की आपल्या मागं कोण उभी आहे, हे वळून बघावं लागतं. आपल्या गावात वस्तीवरच्या, पाड्यावरच्या, पालावरच्या बाया ग्रामसभेला येतात का? आल्या तर त्यांना बसायला सतरंजीवर जागा मिळते का?

आणि आणखी एक. नेलीबाईंच्या नंतर शंभर वर्षांत वायोमिंगला दुसरी महिला गव्हर्नर मिळालेली नाही. पहिली होणं पुरत नाही. दुसरी, तिसरी तयार करावी लागते.

आता त्या ताईंकडे परत येऊ. आपल्याकडे १९९३ पासून पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. त्या कुणी, का दिल्या, यावर लोक वाद घालतील. घालू द्या. वायोमिंगच्या बायांनाही दुसऱ्यांनी आपल्या सोयीनं हक्क दिला होता. एस्थरबाई खटला चालवायला बसल्या, लुईझा आजी बरणी घेऊन आत गेल्या, ग्रेसबाई आणि त्यांच्या मैत्रिणी घरपट्टी मागायला दारोदार फिरल्या, तेव्हा तो त्यांचा झाला. ज्युरीवरचा हक्क मात्र त्यांच्या हातून सुटला, कारण तिथं त्यांना बसवणारा न्यायाधीश एकच होता आणि तो गेला. ताई, तुमची खुर्ची चिठ्ठीनं आली असेल. तिच्यावर बसून तुम्ही जी सही कराल, ती तुमची. फक्त सही करण्याआधी ठराव वाचून घ्या. आणि घरचे म्हणाले, तू अंगठा दे, बाकी आम्ही बघतो, तर रोझबाईंची आठवण करा.

पुढच्या गटबैठकीत एवढं करून बघा. आपल्या पंचायतीत किती बाया सदस्य आहेत, त्यांची नावं लिहा. मागच्या तीन सभांमध्ये त्यांतल्या कोण बोलल्या, काय बोलल्या, ते विचारा. गावची घरपट्टी किती थकली आहे, त्याचा आकडा ग्रामपंचायतीकडून मागून घ्या. आणि ज्या सदस्य ताईंना सभेत बोलायला भीती वाटते, त्यांच्याबरोबर पुढच्या वेळी दोघीतिघी जा. थेरेसाबाईंचा नवरा लांबून ओरडत होता ना, अजून मोठ्यानं, तसं आपण आपल्या मैत्रिणीला म्हणू या.

तुमच्याकडे काय घडलं, ते आम्हाला जरूर कळवा. तुमचा अनुभव पुढच्या कार्यक्रमात तुमच्याच आवाजात ऐकवू. तोवर, राम राम.